सुपारी धरेपर्यंत : म्हादईकाठच्या कामाच्या नोंदी

२६ जुलै २०२१

आज पहिल्यांदा वाड्यात, म्हणजे त्या वस्तीत, आतपर्यंत जाता आलं. वाड्याचं नाव इथं लिहीत नाही, लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत त्या, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, म्हादई नदीच्या अगदी काठावरचा एक वाडा एवढंच पुरे. २३ तारखेला पाणी चढलं. घाटावर खानापूरच्या बाजूला नुसता कोसळत होता आणि इकडे म्हादई, तिकडे खांडेपार, दोन्ही एकाच वेळी फुगल्या. मुख्यमंत्री म्हणतायत १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर, राज्यात हजारेक घरांचं नुकसान झालंय. वाड्यावरची जुनी माणसंपण ब्याऐंशीचंच नाव काढतायत.

मातीच्या भिंतींची घरं होती ती खालून भिजली आणि बसली. चिऱ्याची उभी आहेत पण आत गुडघाभर चिखल, कपाटं उताणी, फ्रीज अंगणात. सगळ्यात जास्त जीव कळवळला तो पुरुमेंताकडे बघून. मे महिन्यात अख्ख्या पावसाळ्याचं सामान भरून ठेवलेलं असतं ना, तांदूळ, सुकी मिरची, सोलं (आमसुलं), सुकं मासळं, खोबरं, चिंच, सगळं गेलं. तांदळाची पोती फुगून फाटलीयत आणि आंबूस वास येतोय. लोक बाहेरून येतात तेव्हा पडलेल्या भिंतीचे फोटो काढतात, पण पोत्यात ते घरच्या पुढच्या चार महिन्यांचं पोट होतं आणि ते फोटोत दिसत नाही.

त्यात हे पहिलं संकटपण नाही. दोन महिन्यांपूर्वी मे मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा ह्याच वाड्यातल्या पोफळी (सुपारीची झाडं) आणि माड मोडले होते, काजूचा शेवटचा बार झडला होता. त्याचे फॉर्म भरून ठेवलेले तसेच आहेत.

३० जुलै

मदतीच्या गाड्या येतायत, लोक मनापासून देतायत, त्याबद्दल आभारच. पण सगळं पोचतं ते रस्त्याच्या तोंडाशी, आतल्या घरांपर्यंत जात नाही. म्हणून आज आम्ही, म्हणजे मदतीचं काम करणाऱ्या आमच्या ग्रुपने, घरोघरी फिरून स्वतःची यादी केली. वीसेक घरं आहेत. यादीत फक्त "काय गेलं" असं लिहायचं नाही असं ठरवलंय, "कशावर घर चालत होतं" हे पहिलं लिहायचं, मग काय गेलं ते.

तीन तऱ्हेची माणसं ह्या यादीत सापडली जी दुसऱ्या कुठल्याच यादीत नव्हती. एक, भाड्याच्या खोलीत राहणारी मजूर कुटुंबं, घर त्यांचं नाही म्हणून घराचं नुकसान त्यांचं नाही, पण भांडी, गॅस, मुलांची पुस्तकं, कामाची हत्यारं गेली ती त्यांचीच. दोन, दुसऱ्याच्या जमिनीत कसणारे. तीन, बायका ज्यांची कमाई कुणी कमाई म्हणून मोजतच नाही, दारातल्या कोंबड्या, परसातली भेंडी-दोडकी, घरची सोलं. एका वहिनीच्या सगळ्या कोंबड्या खुराड्यातच बुडाल्या. पंचनाम्यात गाई-म्हशींची नोंद झाली, कोंबड्यांचं कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आठवड्याचा बाजार त्या अंड्यांवर होत होता.

आरोग्य केंद्राकडून लेप्टोच्या (चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आल्या, वाटल्या. चिखलात उतरताना बूट घाला म्हणून सगळ्यांना सांगतोय पण बूट आहेत कुठे, तेच आधी आणायला हवेत. साखळीच्या एका दुकानदाराने उधारीवर दिले.

५ ऑगस्ट

आज कुळागरात, म्हणजे पोफळी, केळी, मिरीच्या बागेत. सोबत निवृत्त कृषी सहाय्यक सर होते, आयुष्यभर ह्याच भागात काम केलेलं, त्यांच्यामुळे बऱ्याच गोष्टी वेळेत कळल्या.

मोठ्या पोफळी उभ्या आहेत. लोकांना वाटतंय वाचल्या. सर म्हणाले थांबा, बुंध्याशी बघा. नदीने आणून टाकलेला गाळ कुठे फूटभर, कुठे दोन फूट, आणि पोफळीची मुळं वरच्या थरातच असतात, गाळाखाली त्यांना हवा मिळत नाही, झाड आज हिरवं दिसतं आणि काही महिन्यांनी शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं. म्हणजे आत्ता ह्या दोन-तीन आठवड्यांत गाळ बुंध्यापासून ओढला नाही तर दिवाळीनंतर झाडं जायला लागतील आणि तेव्हा कोण म्हणणार की ती पुरात गेली? म्हणून सगळं सोडून गाळ काढणं हे पहिलं काम. अख्ख्या बागेतला गाळ हलवायची गरज नाही, झाडाभोवती दोन-अडीच हात गोल मोकळा करायचा आणि पाण्याचे पाट उघडायचे म्हणजे साचलेलं पाणी बाहेर पडेल. तो गाळ फेकायचाही नाही, बारीक चिकण गाळ चांगला असतो, नंतर केळीच्या खड्ड्यांना चालेल. नुसती वाळू आलीय तिथे मात्र उपयोग नाही.

लहान रोपं गाडली गेली ती गेलीच. केळी सगळ्या आडव्या. मिरीच्या वेलींचं आत्ताच सांगता येत नाही, पाणी साचलं की मुळकूज लागते आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवी वेल काळी पडून गळते.

९ ऑगस्ट

उघडीप मिळाली आणि बोर्डो (बुरशीवरचं औषध) मारून घेतलं. एवढ्या पावसानंतर सुपारीवर कोळेरोग येणार हे ठरलेलंच, घोसावरची कच्ची सुपारी गळून खाली सडा पडतो. एक टक्क्याचं मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात, आणि दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं, लोखंडाचं भांडं वापरायचं नाही. वाड्यावरच्या पोरांना हे नवीन होतं कारण फवारणी नेहमी बाहेरचा माणूस येऊन करून जायचा. मग सरांनी कोयत्याचं पातं घासून लख्ख केलं आणि मिश्रणात बुडवून धरलं, बाहेर काढलं तर पात्यावर तांबूस थर. म्हणजे चुना कमी पडलाय, असं मारलं तर पानं आणि कोवळी सुपारी जळेल. थोडी चुन्याची निवळी टाकली, परत बुडवलं, अजून फिकट तांबूस. परत थोडी. तिसऱ्या वेळी पातं जसंच्या तसं पांढरं बाहेर आलं आणि पोरांनी मग भराभर पंप भरले. रंग बघण्यासारखा असतो त्याचा, आकाशी निळा, आणि त्याच दिवशी मारून संपवावं लागतं.

पोफळीवर चढणारे दोघेच उरलेत ह्या वाड्यात. ही गोष्ट लिहून ठेवतो, पुढे ह्यावर काम करावं लागेल.

१४ ऑगस्ट

आजची मीटिंग देवळाच्या मंडपात, मुद्दाम बायकांची वेगळी घेतली. खडूने जमिनीवर बारा घरं आखली, बारा महिने, आणि विचारलं कुठल्या महिन्यात हातात पैसा येतो तिथे चिंचोके ठेवा. पहिल्यांदा हसणं, मग जोरात वाद, आणि अर्ध्या तासात जे चित्र तयार झालं ते बघून मी थक्क झालो. डिसेंबर ते फेब्रुवारी सुपारीचा पैसा. मार्च ते मे काजू, थोडी मिरी, सोलं. कधीमधी केळीचा घड. आणि जून, जुलै, ऑगस्ट जवळपास रिकामे. शिवाय जूनपर्यंत आलेला सगळा पैसा खर्च होऊन गेलेला असतो, पुरुमेंत भरण्यात, शाळेच्या फीमध्ये, खतात, लावणीच्या मजुरीत.

म्हणजे पूर जुलैत आला तेव्हा घरात पैसा नव्हताच, पैशाचं सगळं सामान झालेलं होतं आणि सामान जमिनीवर होतं. हाच पूर फेब्रुवारीत आला असता (येत नाही ते सोडा) तर निदान हातात रोकड असती.

त्यावरून पुढचं काम कसं करायचं ते माझ्या डोक्यात स्पष्ट झालं. पोफळ नव्याने लावली तर धरायला पाच ते सात वर्षं. मंगला जात लवकर येते तरी तीन-चार वर्षं. माड तसाच. मिरी तीन वर्षं. केळी अकरा ते चौदा महिने. अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) तीन महिने, मुळा दीड महिना, तांबडी भाजी (लाल माठ) पंचवीस-तीस दिवस. सगळे आम्हाला सांगतायत रोपं वाटा, रोपं वाटा. वाटूच. पण पोफळीचं रोप लावून दिलं आणि फोटो काढला की त्या घराने पुढची सहा वर्षं खायचं काय? मग पोरगा शाळा सोडून वेर्ण्याला नाहीतर पणजीला कामाला जातो, बाग ओसाड पडते, रोपं वाळतात, आणि लोक म्हणतात मदत दिली पण ह्यांना करायचंच नाही. मधली वर्षं भरून काढणं हेच खरं काम आहे आणि ते महिन्यांच्या, आठवड्यांच्या पिकांनी भरायचं, आणि तीही अशी की जी ह्या बायकांना आधीपासून येतात.

२३ ऑगस्ट

कागद. आज दिवसभर कागदच.

शेतकरी आधार निधीच्या (पिकाच्या नुकसानीला सरकारी मदत) फॉर्मला कृषी कार्ड आणि एक-चौदाचा म्हणजे जमिनीचा उतारा लागतो. सत्तरीत जमिनीचा प्रश्न किती जुना ते इथल्या माणसाला सांगायला नको, मोकासो (जुनी इनामासारखी जमीन), आल्वारा (पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेली), कूळ, मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), माणूस तीन-चार पिढ्या कसतोय आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं किंवा कधीच वारलेल्या आजोबाचं, त्यात दहा वारसदार, अर्धे मुंबईला. १९६४ चा कूळ कायदा आहे, १९७५ चा मुंडकार कायदा आहे, पण कायदा असणं आणि नाव लागणं ह्यात मामलेदाराकडच्या कित्येक तारखा असतात.

एक काकी आहेत, नवरा वारला, मुलगी लग्न होऊन डिचोलीला. कुळागर लहानच, पण काय राखलेलं, पाट दगडाने बांधून काढलेत. चाळीस वर्षांपेक्षा जास्त त्या तिथे राबतायत. फॉर्म घेऊन त्यांच्यासोबत एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने उतारा बघितला आणि म्हणाला तुमचं नाव नाही, मालकाला पाठवा. काकी काहीच बोलल्या नाहीत. बाहेर बाकड्यावर बसल्यावर म्हणाल्या, "इतकीं वर्सां शिंपलें हांवें, आनी गेलें तें कोणाचें मगो?" मला उत्तर देता आलं नाही. खूप राग आला आणि तो अजून आहे.

मग दुसरीकडे विचारलं तर कळलं की मालकाचं ना-हरकत पत्र आणि तलाठ्याचा पाहणी अहवाल जोडला तर फॉर्म घेतात. भाटकार, म्हणजे जमीनमालक, म्हापशाला राहतात, वयस्कर आहेत, त्यांना फोन केला, त्यांनी लगेच सही द्यायचं कबूल केलं. भले गृहस्थ. पण सगळेच भाटकार असे नसतात, दुसऱ्या एका घराला साफ नकार मिळाला, सही दिली तर उद्या कूळ म्हणून हक्क सांगाल असं तोंडावर सांगितलं. त्या घरासाठी कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज करायला वकील बघतोय. वेळ लागणार. तोपर्यंत आमच्या निधीतून त्यांना पहिले पैसे, कारण ज्याचं नाव कुठेच नाही त्याला दुसरं कोण देणार.

७ सप्टेंबर

चवथ (गणेश चतुर्थी) तीन दिवसांवर. चवथीला रोकड लागतेच, आणि वर्षातून एकदा रानातल्या वस्तूंना बाजारात पैसा मिळतो तो आत्ताच. माटोळीचा बाजार, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचा! पंधरवड्यापूर्वी बायकांशी बोलताना हा विषय निघाला आणि एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. नदीने सपाटीवरचं सगळं नेलं पण डोंगर जागेवर आहे. कवंडळं, घागऱ्यो, कांगलां, आंबाडे, तोरिंग, कुड्याच्या शेंगा, आणि वरच्या बागांतून सुपारीची शिपटी (घोस). आम्ही फक्त पिकअपची सोय केली आणि जागेचं बघितलं. आज वाळपईत आणि साखळीत दोन्हीकडे बसल्या, उद्या-परवापण बसणार. नेहमी ह्यांच्याकडून घाऊक घेऊन दुसरेच विकतात, ह्यावेळी स्वतः बसल्यामुळे भाव दुपटीच्या आसपास मिळाला. कवंडळाच्या वेली मुळासकट ओढायच्या नाहीत, फळं तेवढीच तोडायची, हे त्यांनीच आपापसात ठरवलं होतं.

घरच्या माटोळीला मात्र यंदा बऱ्याच घरांत काहीच नव्हतं आणि दोन घरांना मखर मांडायला भिंतच नाही. शेजाऱ्यांनी एकत्र एकच गणपती आणायचा ठरवलाय.

१ ऑक्टोबर

पैशांचा निर्णय. ग्रुपमध्ये दोन तट पडले होते. काहींचं म्हणणं बिनव्याजी कर्ज द्यावं, म्हणजे पैसा फिरत राहील आणि लोकांना जबाबदारी वाटेल. माझं म्हणणं ठाम आहे, पहिल्या वर्षी कर्ज द्यायचं नाही. ह्यातल्या अर्ध्या घरांवर आधीच कर्ज आहे. एक दादा आहेत, लोहखनिजाच्या खाणीवर स्वतःचा ट्रक होता, २०१८ च्या मार्चात खाणी बंद झाल्या आणि ट्रक उभा राहिला. हप्ते थकले, ट्रक विकला, मग सोसायटीतून कर्ज काढून केळी आणि भाजी केली. कधी शेती न केलेला माणूस तीन वर्षांत शिकला, ह्या वर्षी पहिल्यांदा नफा दिसणार होता आणि पाणी आलं. त्यांच्या हातात अजून एक कर्ज ठेवणं म्हणजे जबाबदारी शिकवणं नव्हे, गळ्यात धोंडा बांधणं आहे. हे मी मीटिंगमध्ये जोरातच बोललो.

शेवटी ठरलं ते असं. पैसे परत घ्यायचे नाहीत, पण एकदम द्यायचे नाहीत, हंगामाच्या तोंडावर तीन भागांत द्यायचे. पहिला आत्ता, भाजी-अळसांदे आणि पंपासाठी. दुसरा फेब्रुवारीत, केळी आणि मिरीसाठी. तिसरा मे अखेर, पुरुमेंत आणि पोफळीच्या रोपांसाठी. काय घ्यायचं ते घराने ठरवायचं, आम्ही पावत्यांवरून छळायचं नाही. आणि पैसे घरातल्या बाईच्या खात्यात. काही पुरुषांना हे आवडलं नाही, एकाने बोलूनही दाखवलं, पण बायकांनी आपसात आधीच ठरवलेलं होतं.

पासबुकं भिजून लगदा झालेली, बँकेतून नवी काढून घेतली. कर्ज लागेलच पुढे, तेव्हा बचत गटातून घ्यायचं, तो गट आहेच त्यांचा, ग्रामीण जीवनोन्नती अभियानाखाली नोंद झालेला, फक्त वर्षभर कोविडमुळे बैठका बंद होत्या. त्या सुरू केल्या.

१० नोव्हेंबर

सरदाचं (पावसाळी) भात जे उरलं होतं ते कापून झालं, पेंढा जास्त आणि दाणा कमी. कापणीनंतर जमिनीत ओल आहे तोवर अळसांदे पेरायचे म्हणून धावपळ. बियाणं घरोघरी राखलेलं असायचं ते वाहून गेलं, वरच्या गावांतून गोळा केलं, लोकांनी आपल्या डब्यातलं काढून दिलं, एकीने तर भेंडीच्या सातशिरी जातीचं बी पुडीत बांधून पाठवलं. विकत आणायला हरकत नव्हती पण हे बी इथल्या मातीत मुरलेलं आहे.

पंपांचं काम वेळेत झालं ह्याचं मोठं समाधान. डिसेंबरपासून कुळागराला पाणी द्यावंच लागतं, पूर आला म्हणून उन्हाळ्यात झाडाची तहान कमी होत नाही, आणि मोटरी सगळ्या गाळात गाडलेल्या. जुलैत लोकांना मोटर आठवतही नव्हती. आम्ही सप्टेंबरातच उपसून काढल्या, उसगावचा एक मेकॅनिक वाड्यावरच येऊन बसला, रिवाइंडिंग, बेअरिंग, जे असेल ते. दोन-तीन सोडून सगळ्या चालू. आणि बसवताना ह्यावेळी उंच चौथऱ्यावर, शिवाय नटबोल्ट असे की दोन माणसं पंधरा मिनिटांत काढून वर नेऊ शकतील.

वसंत बंधाऱ्याच्या फळ्या पुढच्या आठवड्यात घालणार, काही वाहून गेल्या होत्या त्या नव्या मिळाल्यात. पाणी अडलं तर वायंगण (उन्हाळी) भात निदान काही जणांना घेता येईल.

४ डिसेंबर

अवेळी पाऊस. नोव्हेंबरभर अधूनमधून चालूच होता आणि आता डिसेंबर उजाडला तरी तेच. वाळत घातलेली सुपारी भिजली, बुरशी आली. काजू-आंब्याचा मोहोर ह्या ढगाळ हवेत काय होतोय देव जाणे. आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने मीटिंगमध्ये एका अभ्यासाचं सांगितलं, १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्यात आणि त्याची ओल अरबी समुद्राकडून येते, समुद्र तापतोय म्हणून. काकी ऐकत होत्या, म्हणाल्या मग सुपारी वाळवायला अंगण चालणार नाही, वर छप्पर हवं. एवढ्या मोठ्या गोष्टीतून त्यांनी एका वाक्यात कामाचं काढलं. प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद आणि बांबू वापरून एक सामायिक वाळवण-मांडव उभारतोय, गटाच्या नावावर.

१५ जानेवारी २०२२

आचारसंहिता लागलीय, मतदान १४ फेब्रुवारीला. सरकारी कामं जिथे अडली तिथे अडली. कोविडची नवी लाट पण आहे, मीटिंग उघड्यावर घेतो.

भाजी निघतेय. तांबडी भाजी, मुळा, भेंडी, मिरची. फलोत्पादन महामंडळ शेतकऱ्याकडून घेतं हा मोठा आधार आहे, भाव आधी माहीत असतो आणि पैसे खात्यात येतात. थोडं वाळपईच्या बाजारात बायका स्वतः नेतात कारण रोजचा चहा-पाव, मुलांची बस ह्याला हातात रोकड लागते, खात्यातली चालत नाही. दोन्ही वाटा ठेवायच्या असं ठरलं.

ट्रकवाल्या दादांनी केळी परत घातली, साळदाटी आणि सावरबोंडी जातीची, मुणवे (लावायचे कोंब) नातेवाईकांच्या बागेतून आणले. ह्यावेळी नदीकडच्या दोन ओळींत केळी नाही, तिथे बांबू आणि गवत लावणार, म्हणजे पुढच्या वेळी पाणी आलं तरी वेग मोडेल. हे त्यांनी स्वतःच ठरवलं, पूर आला तेव्हा जिथे बांबूचं बेट होतं तिथली बाग कमी खरवडली गेली हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

पाटांचा गाळ काढायचं काम रोजगार हमीत बसवायचा प्रयत्न चालू आहे. दिवसाला २९४ रुपये, गोव्यात मजुरी त्याच्या दुप्पट मिळते म्हणून पुरुष येत नाहीत, पण बायका म्हणतात घराजवळ आहे, दुपारी घरी जाता येतं, आम्ही करतो.

२० मार्च

शिगमो (होळीचा सण) झाला. काजू चालू झालेत, मोहोर गळाल्यामुळे यंदा निम्माच बार दिसतोय. बी विकतात, बोंडू (काजूचं फळ) दारूच्या भट्टीवाल्याला देतात.

मिरीच्या फाट्यांची नर्सरी घातली. जुन्या वेली बऱ्याचशा मेल्या, ज्या ह्या पाण्यातूनही वाचल्या त्यांच्याच फाट्या घेतल्या, दोन-तीन पेरांच्या, पिशवीत माती, वाळू, शेणखत आणि ट्रायकोडर्मा (मुळकूज रोखणारी उपयोगी बुरशी). सावलीत ठेवून रोज पाणी. पावसापर्यंत मुळं धरतील. आजूबाजूच्या सगळ्या गावांना रोपं हवी आहेत, म्हणजे स्वतःच्या बागेला लावून उरतील ती विकायची. ज्या वहिनीच्या कोंबड्या बुडाल्या ती हे बघते, हात चांगला आहे तिचा. कोंबड्याही परत आल्या, काही गावठी, काही ग्रामप्रिया, आणि खुराडं आता जोत्यावर उंच बांधलंय.

भाड्याच्या खोलीतल्या दोन कुटुंबांचं काम नीट झालं नाही. एक परत गावी गेलं, कर्नाटकात, कळवूनही गेले नाहीत. त्यांच्याकडे जमीन नाही, म्हणून आमच्या सगळ्या योजना त्यांच्यापर्यंत पोचता पोचता पातळ होतात. दुसऱ्या कुटुंबातल्या भावाला झाडावर चढायचं यंत्र घेऊन दिलं आणि शिकवलं, पोफळी-माडावर चढणारे फारसे कुणी उरले नाहीत त्यामुळे त्याला आता रोज बोलावणं असतं. हा माणूस टिकला तर वाड्याचीपण सोय होईल.

२९ मे

तिसरा हप्ता दिला. पुरुमेंत भरणं चालू आहे, सोलं वाळतायत, मिरच्या अंगणात. ह्यावेळी प्रत्येक घराने छपराखाली माळा केलाय नाहीतर वरच्या वाडीतल्या नातलगाकडे अर्धं सामान ठेवलंय. बियाण्याचे डबे देवळाच्या वरच्या खोलीत, किल्ली गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे. कागदपत्रांची प्लॅस्टिकची फाईल प्रत्येक घरी, आणि सगळ्यांचे फोटो एका मोबाईलमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर.

काकींच्या खात्यात आधार निधीचे पैसे आले. जेवढं गेलं त्याच्या मानाने थोडेच. त्यांनी त्यातून पोफळीची रोपं घेतली, मंगला नको म्हणाल्या, जुनी स्थानिकच हवी, जास्त वर्षं जगते. वयाची सत्तरी ओलांडलेली बाई सहा वर्षांनी धरणारं झाड लावतेय, आणि मला खड्ड्यांचं अंतर मोजून दाखवतेय, नऊ फूट, त्यात मध्ये केळी, म्हणजे पहिल्या वर्षी सावली मिळेल आणि घडही मिळेल.

१२ जुलै २०२२

नदी भरून वाहतेय पण काठाच्या आत आहे. गेल्या आठवड्यात एक रात्र पाणी चढायला लागलं तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुपवर वरच्या गावातून मेसेज आला आणि पोरांनी मोटरी काढून वर नेल्या, गुरं सोडली, माणसं देवळात झोपली. सकाळी पाणी उतरलं. एक दिवसाची मजुरी बुडाली एवढंच.

ज्या घराला भाटकाराने सही दिली नाही त्यांच्या अर्जाची पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे. वकिलांनी तीन साक्षीदार मागितलेत, शेजारी यायला तयार आहेत पण एक जण कचरतोय, त्याच्याशी बोलायला हवं.

निधीत आता फारसं काही उरलं नाही. पूर आला तेव्हा आठवड्यात जेवढं जमलं तेवढं आता सहा महिन्यांत जमत नाही, लोकांचं लक्ष दुसरीकडे जातं आणि ते समजण्यासारखंही आहे, पण पोफळीला अजून पाच पावसाळे काढायचेत. गटाने ठरवलंय की भाजी आणि रोपांच्या विक्रीतून दर महिन्याला थोडे बाजूला काढायचे, दुरुस्ती आणि अडीअडचणीसाठी. पहिले पैसे जमा झाले, वाळवण-मांडवाचा फाटलेला कागद त्यातूनच बदलायचाय. ट्रकवाल्या दादांची केळी वर्षअखेरीस तयार होतील असं दिसतंय, घड किती आणि कुठल्या बाजारात ते ह्या रविवारी बसून ठरवायचं, पिकअपचं पण तेव्हाच बघायचं.